अडीच दिनारांचा मालक

मी मालक बोलतोय. इंग्लंडच्या उत्तरेला थॉर्नबेक नावाचं एक गाव आहे. तिथे थॉर्नबेक टाउन नावाचा जुना फुटबॉल क्लब आहे आणि दोन मोसम त्या क्लबचा मालक मी होतो. हसू नका. उंचीने मी तुमच्या मधल्या बोटाएवढा, अंग प्लॅस्टिकचं आणि तळाला रबर. लोक मला शिक्का म्हणतात. म्हणू देत बापडे. पण माझ्या डोक्यावर थाप पडल्याशिवाय त्या क्लबात एक पौंडसुद्धा इकडचा तिकडे होत नव्हता, हे तेवढं लक्षात ठेवा.

माझा जन्म बहरीनमधल्या मनामा शहरातला. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत जुनैदचं दुकान आहे. किल्ल्या, नावाच्या पाट्या आणि शिक्के, सगळं तिथे अर्ध्या तासात तयार होतं. राजन देवधर नावाचा एक माणूस घाम पुसत आत आला आणि हिंदीत म्हणाला, “भाई, कंपनी का स्टॅम्प चाहिए. अर्जंट.”

जुनैदने विचारलं, “गोल या चौकोर?”

एवढा साधा प्रश्न, पण राजनला उत्तर देता येईना. त्याने फोन लावला, पलीकडचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, “गोल. साहेब म्हणतात, गोल जास्त प्रामाणिक दिसतो.” माझ्या आकाराची कथा ही एवढीच. अडीच दिनार देऊन राजनने मला शर्टाच्या खिशात टाकलं. माझ्या कडेने ‘सिल्व्हर दाऊ स्पोर्ट्स होल्डिंग’ अशी अक्षरं फिरत होती. मला वाटलं, आपली कंपनी म्हणजे समुद्रासमोरचा मोठा मजला असेल, काचेची दारं असतील, कॉफी देणारा माणूस असेल. कसलं काय! कंपनी म्हणजे मी आणि राजनच्या टेबलाचा खालचा खण. खणात माझ्या शेजारी बडीशेपेची डबी आणि डोकेदुखीचा बाम होता.

आता राजनची ओळख करून देतो. हा मूळचा चिंचवडचा, हिशेबात पक्का. पोहण्याच्या तलावांची गाळणी विकणाऱ्या एका कंपनीत तो मुख्य अकाउंटंट. राहायला जिदहफ्सला दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको सुनीता, मुलगी इरावती. मुलगी तेव्हा नववीत, शाळेच्या फुटबॉल टीममध्ये डाव्या बाजूने खेळणारी. माणूस सज्जन, पण एक खोड. कुणी वरच्या आवाजात काही सांगितलं की याच्या तोंडून आधी ‘हो’ निघतं आणि विचार मागून येतो.

वरच्या आवाजात सांगणारे होते डेरेकसाहेब, गाळण्यांच्या कंपनीचे मालक. झल्लाकला समुद्रकाठी त्यांचा बंगला. हे स्वतः इंग्लंडचे. तिकडे त्यांनी एक फुटबॉल क्लब घेतला, तो बुडाला. मग दुसरा घेतला, तोही बुडाला. क्लब बुडाले तरी साहेब मात्र दर खेपेला आधीपेक्षा मोठी गाडी घेऊन कोरडे बाहेर पडले. अशा माणसाला तिसरा क्लब घेता येत नाही, असा तिकडच्या फुटबॉल लीगचा नियम होता. नियम चांगलाच होता. फक्त तो माणसाला लागू होता, आणि साहेबांनी कंपनी काढली.

“राजन, फक्त कागदावर,” साहेब म्हणाले. “कंपनी तुझ्या नावावर, क्लब कंपनीच्या नावावर, बाकी सगळं मी बघतो.” राजनचा व्हिसा साहेबांच्या कंपनीचा, फ्लॅटचं भाडं साहेबांच्या कंपनीचं, शाळेची फी साहेबांनी दिलेल्या पगारातली. राजन ‘हो’ म्हणाला. आता सगळा तमाशा बघा. इंग्लंडचा माणूस, इंग्लंडचा क्लब, आणि मधे उभा कोण, तर चिंचवडचा राजन आणि मनामाचा मी.

मालकी देण्याआधी लीगचे लोक राजनला तपासणार होते. तपासणी म्हटल्यावर हा घाबरला. सूट इस्त्री करून ठेवला. इरावतीने जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून त्याला ऑफसाइड शिकवलं. मिठाची बरणी गोलकीपर होती. “बाबा, बॉल पास होतो तेव्हा बघायचं, आफ्टर नाही,” असं ती पुन्हा पुन्हा सांगायची आणि हा लोणच्याची बाटली भलतीकडेच सरकवायचा.

एक फॉर्म आला. तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का? नाही. तुम्ही कधी क्लब बुडवला आहे का? नाही. खाली सही, सहीवर मी. झालं. मुलाखत नाही, फोन नाही, पैसे कुठून आणणार हा प्रश्नही नाही. सूट तसाच कपाटात परत गेला. सुनीता म्हणाली, “मी चिंचवडला पोळ्यांना बाई ठेवली होती ना, तिला याहून जास्त विचारलं होतं.” साहेबांचा ड्रायव्हर बाळाजी तेव्हा तिथेच चहा पीत होता. कुडाळकडचा हा माणूस बहरीनच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला पास झाला होता. तो म्हणाला, “साहेबानू, हयसर सहज गाडी चालवूक मिळणा नाय आणि थयसर क्लब चालवूक मिळता. बरा आसा.”

राजनचा फोटो थॉर्नबेकच्या पेपरात छापून आला. तिकडच्या लोकांनी त्याला आखातातला अब्जाधीश करून टाकला. मॅचला त्याच्या नावाने गाणी म्हणायला लागले. अब्जाधीश त्या वेळी शुक्रवारच्या ऑफरमधली कोथिंबीर निवडत होता. इरावतीने ते गाणं फोनवर ऐकवलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ना, ते मी तोवर पाहिलं नव्हतं. बिचाऱ्याला क्षणभर आवडलं ते. कुणाला नाही आवडणार?

मग माझं काम सुरू झालं. पहिल्या कागदावर थाप पडली आणि क्लब विकत घ्यायला साहेबांच्या एका कंपनीने घातलेले पैसे क्लबच्याच डोक्यावर कर्ज म्हणून चढले. म्हणजे नवरदेवाने स्वतःलाच सोन्याची अंगठी करावी, तिची उधारी मुलीच्या बापाच्या नावावर लिहावी, वर व्याजही बापाकडूनच घ्यावं. दुसऱ्या थापेला क्लबचं मैदान साहेबांच्या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. तिसऱ्या थापेला तेच मैदान क्लबला भाड्याने मिळालं. शंभर वर्षं स्वतःच्या घरात राहिलेला माणूस एका दुपारी स्वतःच्याच घरात भाडेकरू झाला, आणि त्याला ते पेपरात वाचून कळलं.

लीगचं ऑफिस हे सगळं पाहत नव्हतं असं नाही हं. दर खेपेला तिकडून पत्र यायचं: आम्ही या व्यवहाराची गंभीर दखल घेतली आहे. दखल घेतली की त्यांचं काम संपायचं. मी तर रबर, मला विचार करायची सोय नाही. त्यांना होती ना?

दुसऱ्या मोसमात क्लबचे पगार थकायला लागले. एके दिवशी इरावती फोन घेऊन बापासमोर उभी राहिली. मी राजनच्या बॅगेत होतो, बॅग उघडी होती. फोनवर थॉर्नबेकच्या मैदानाबाहेर जमलेली माणसं दिसत होती. त्यात मार्गारेट नावाची एक म्हातारी होती, खेळाडूंचे कपडे धुणारी. तिचा पगार आला नव्हता, तरी शनिवारच्या मॅचचे कपडे तिने धुऊन ठेवले होते. कुणीतरी तिला विचारलं, मालकाला काय सांगाल? ती म्हणाली, “त्याला शिव्या नाही देणार मी. फोटो बघितलाय. चेहरा भला दिसतो. त्याला कुणी खरं सांगत नसेल.”

“बाबा,” इरावती म्हणाली, “शी थिंक्स यू डोन्ट नो. बट यू नो, ना?”

राजनने वाकून बॅगेची चेन ओढून घेतली. त्या दिवशी तो जेवला नाही आणि सुनीताने का जेवत नाही असं विचारलंही नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नवरात्र चाललं होतं. डेरेकसाहेबांनी मैदान एका बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं. तिथे फ्लॅट होणार. त्यासाठी भाडेकरू क्लबने, म्हणजे राजनने, मैदान सोडतो असं लिहून द्यायचं होतं. शिवाय लीगला एक पत्र द्यायचं होतं, की क्लबकडे वर्षभराचे पैसे आहेत आणि नसले तर मी, राजन देवधर, स्वतः भरीन. दोन्ही कागद बुधवारी संध्याकाळच्या आत तिकडे पोचायला हवे होते. राजनने ते वाचले आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडून ‘हो’ निघालं नाही. ‘बघतो’ निघालं. त्याच्या मानाने ही क्रांतीच होती. कागद आणि मी, दोघंही बॅगेतून जिदहफ्सला आलो.

बुधवारी खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा. सुनीता मनामाच्या देवळाच्या गल्लीतून झेंडू घेऊन आली होती. पाटावर लाल कापड अंथरलं. बाळाजीकडे देव्हारा नाही, तो आठजणांत एका खोलीत राहतो, म्हणून तोही आपला जॅक आणि पाने घेऊन आला. सुनीताने आपली सुरी आणि विळी ठेवली, इरावतीने फुटबॉलचे बूट पुसून ठेवले. “अहो, तुमची हत्यारं?” असं विचारत सुनीताने बॅगेत हात घातला आणि कॅल्क्युलेटरच्या जोडीने मला उचललं. माझं तोंड वर करून जॅकच्या शेजारी मांडलं. हळद लावली, कुंकू लावलं, वर एक झेंडू. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. आजवर कुणी माझ्या तोंडाला शाईशिवाय काही लावलं नव्हतं. राजन दारात उभा राहून बघत होता. त्याने हात पुढे केला आणि परत घेतला.

आरती झाली, प्रसाद झाला आणि साहेबांचा फोन आला. कागद कुठे आहेत?

“सर,” राजन म्हणाला, “शिक्का पूजेत आहे.”

साहेबांना कळेना. राजनने समजावून सांगितलं, की आज हत्यारांची पूजा असते, पूजेत ठेवलेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत, उद्या दसऱ्याला उचलतात. हे सांगणारा माणूस श्रावणात बिनदिक्कत आम्लेट खाणारा, बरं का. नवरा बदलून आलाय की काय, अशा नजरेने सुनीताने त्याच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “उचलायचा असेल तर उचला. मी काही तुम्हाला अडवत नाही.”

“पूजेतलं आहे,” राजन म्हणाला.

साहेब झल्लाकहून स्वतः आले. दुसरी गाडी स्वतः चालवत आले, कारण ड्रायव्हर इथे प्रसादाचा शिरा खात होता. दारातूनच त्यांना पाट दिसला. जॅक, विळी, बूट, फुलं आणि मधोमध मी, कपाळभर कुंकू लावून. ते आत येणार तेवढ्यात इरावतीने अडवलं. “शूज, प्लीज,” ती म्हणाली. आता साहेबांचे बूट घोट्याच्या वर येणारे, लेस गच्च बांधलेली. दोन क्लब गिळलेला माणूस आमच्या दारात एका पायावर उड्या मारत लेस सोडत होता. एका इंग्रजी गावाच्या मैदानाचं नशीब तेवढा वेळ त्या गाठीत अडकून होतं.

“इट्स रबर, राजन,” साहेब शेवटी ओरडले. “रबराचा तुकडा आहे तो.”

“हो सर,” राजन म्हणाला. “तुम्ही तो घेऊन जा हवं तर. पण त्याच्याखाली सही माझी असते. ती आज मिळणार नाही, आणि उद्याही नाही. मी नोकरी सोडतो.”

सुनीताचा हात तोंडावर गेला. इरावती बापाकडे बघत राहिली. ऑफसाइड न कळणाऱ्या या माणसाने एवढी वेळ बरोबर साधली होती. साहेबांनी सुटलेली लेस तशीच ठेवली, बाळाजीला खूण केली आणि निघून गेले. मला हातही लावला नाही.

मला वाटलं, जिंकलो. मैदान वाचलं. पुढे ऐका.

साहेबांनी लीगला कळवलं, की मालकाच्या धार्मिक कारणामुळे कागदांना उशीर होतोय. लीगने लगेच मुदत वाढवली, वर लिहिलं की आम्ही सर्व श्रद्धांचा आदर करतो. दोन मोसमांत त्या ऑफिसने चटकन घेतलेला हा पहिलाच निर्णय.

दसऱ्याला संध्याकाळी बाळाजी सोनं द्यायला आला. इथे आपटा कुठला मिळायला? साहेबांच्या बागेतल्या बदामाची पानं त्याने खुडून आणली होती. “सोना घेवा, सोन्यासारखे रवा,” म्हणत त्याने पान राजनच्या हातावर ठेवलं आणि तिथेच उभा राहिला. मग म्हणाला, “साहेबानू, डेरेकसाहेबांनी माका मालक केल्यानी.”

मालकी सोडतो असा तारीख नसलेला कागद साहेबांनी राजनकडून पहिल्याच दिवशी सही करून घेतला होता. जुनैदकडे नवा शिक्का झाला होता. गोलाचं सामान संपलं होतं, म्हणून या खेपेला चौकोनी. नव्या शिक्क्याखाली नवं नाव, बाळाजी परब. फॉर्म गेलासुद्धा. शिक्षा? नाही. क्लब बुडवला? नाही.

राजनने त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. कर्ज, मैदान, पत्रात काय लिहिलंय ते, पैसे नसले तर कुणाच्या गळ्याशी येणार ते. “नाही म्हण,” राजन म्हणाला. “मी म्हटलं ना.”

बाळाजीने मान खाली घातली. “तुमका चिंचवडाक घर आसा. वैनी आसत, डिग्री आसा. तुमचो नाय म्हणजे नाय. माझो नाय म्हणजे परतीचा तिकीट. घराक काय सांगू?” पानं टेबलावर ठेवून तो गेला. सुनीताला रडू आलं.

शुक्रवारी चौकोनी शिक्का पडला. गोल गेला, चौकोन आला, कंपनी तीच, आणि लीगमध्ये एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, आकार का बदलला. मैदान बिल्डरला मिळालं.

मग राजनने त्याच्या स्वभावात न बसणारी गोष्ट केली. इरावतीला फोन धरायला सांगितला, मला पाटावरून उचललं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. “थॉर्नबेकच्या लोकांनो,” त्याने इंग्रजीत सांगितलं, “तुमचा मालक मी कधीच नव्हतो. तुमचा मालक हा होता. याची किंमत अडीच दिनार.” मग डेरेकसाहेबांचं नाव घेतलं, झल्लाकचा पत्ता सांगितला, सगळं सांगितलं. गावात खळबळ उडाली. लोक लीगच्या दारात गेले. लीगचं उत्तर मी इरावतीच्या तोंडून ऐकलं: श्री. देवधर आता मालक नाहीत, त्यामुळे त्यांच्याविषयी काही करता येत नाही. सध्याच्या मालकाविषयी तक्रार असल्यास ती कंपनीच्या लेटरहेडवर, मालकाच्या सही-शिक्क्यानिशी पाठवावी.

आता मी जिदहफ्सच्या देव्हाऱ्यात असतो. घरात खोकी बांधून ठेवली आहेत. रिफातल्या एका ऑफिसात राजनच्या नोकरीचं बोलणं चाललंय, व्हिसा झाला तर खोकी सुटतील, नाही तर चिंचवडला जातील. इरावतीची दहावी मधेच लटकली आहे. सुनीता रोज देवाला दिवा लावते तेव्हा माझ्यावरची धूळही पुसते. कुंकू माझ्या अक्षरांत वाळून घट्ट बसलंय. आता मला कागदावर दाबलं तर कंपनीचं नाव उमटायचं नाही, नुसता लाल डाग पडेल. माझी एवढीच विनंती आहे, ते कुंकू कुणी धुऊ नका.

काल इरावतीने पुन्हा एक व्हिडिओ लावला. थॉर्नबेकच्या मैदानाभोवती पत्रे ठोकत होते. मार्गारेट धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन उभी होती, ती आता कुणाला द्यायची ते तिला कळत नव्हतं. कुणीतरी तिच्यापुढे नव्या मालकाचा फोटो धरला. साहेबांचा कोट घातलेला, खांद्यात ढगळ, घाबरून हसणारा आमचा बाळाजी. तिने चष्मा लावून नीट पाहिलं.

“याचाही चेहरा भला दिसतो,” ती म्हणाली.

भला आहेच हो. आधीचाही भलाच होता. दोघांनीही जिथे प्रसादाचा शिरा खाल्ला त्या घरात मी राहतो, मला माहीत आहे. तुमच्या गावचा क्लब उद्या कुणी विकत घेतला आणि पेपरात असा भला चेहरा छापून आला, तर त्याची गाणी म्हणण्याआधी एवढंच विचारा, की या चेहऱ्याला पगार कोण देतं.